वर्गात म्युऑन मोजायचेत? नागपूरच्या शिक्षकांसाठी अगदी पहिल्यापासून

खिडक्यांना काळे कागद लावलेले, एक खिडकी तेवढी सताड उघडी (ती का ते पुढे येईलच), टेबलावर मासे पाळायची छोटी काचेची टाकी उलटी ठेवलेली, खाली काळी प्लेट आणि बाजूनं एलईडी टॉर्चचा उजेड. आठवीचे पंधरा पोट्टे टेबलाला चिकटून उभे, आणि बराच वेळ काहीच नाही, नुसता बारीक पाऊस पडल्यासारखा दिसतोय. मग एकदम एक पांढरी रेघ, शिवणाच्या दोऱ्याएवढी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कोळ्याचं जाळं आहे का आत?" आणि ती म्हणेस्तोवर रेघ विरून गेली, मग दुसरी आली, तिसरी आली, मग कोणी काही बोलेचना.

ती रेघ बहुतेक म्युऑनची, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्याच पण त्याहून जड अशा एका अतिसूक्ष्म कणाची. अवकाशातून येणारे प्रोटॉन आपल्या डोक्यावर साधारण १५ किलोमीटर उंचीवर हवेच्या अणूंवर आदळतात, त्यातून पायऑन नावाचे कण निघतात, त्यांचे म्युऑन होतात आणि ते शाळेच्या स्लॅबमधून, पंख्यातून, आपल्यातून आरपार जमिनीत जातात. तळहात आडवा धरला तर त्यातून दर सेकंदाला एकदोन तरी जातातच. हे वाचून सांगणं वेगळं आणि पोरांनी ते स्वतः मोजणं वेगळं, आणि माझा सगळा भर मोजण्यावर आहे. खूप शाळांमध्ये क्लाऊड चेंबर (वर सांगितलेली रेघा दाखवणारी टाकी) एकदा विज्ञान प्रदर्शनात दाखवतात, टाळ्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी मुलांना विचारलं तर "धूर होता" एवढंच आठवतं. म्हणून मी क्रम उलटा ठेवते: आधी मोजायला शिका, मग पहा. चेंबर सगळ्यात शेवटी.

आधी परवानगी आणि पालक

हेडमास्तरांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की शाळेत कुठलाही किरणोत्सारी स्रोत विकत आणायचा नाहीये. तसे स्रोत घ्यायला, ठेवायला आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत आणि शाळेला त्या वाटेला जायची गरजच नाही. या लेखात जे जे आहे ते सगळं हवा, दगड, खत आणि आकाश एवढ्यावर चालतं. जुना स्मोक डिटेक्टर उघडणे, जुन्या गॅसबत्तीची मॅंटल कुस्करणे, आजोबांच्या घड्याळातला चमकणारा रंग खरवडणे, हे इंटरनेटवर कितीही सोपं दिसलं तरी करायचं नाही, मुलांनाही हे पहिल्या तासालाच सांगून ठेवा कारण उत्साही मूल घरी जाऊन शोधाशोध करतंच.

पालकसभेत एका वडिलांनी मला विचारलं, "मॅडम, पोरगी हे रेडिएशन घरी घेऊन येईल का?" प्रश्न खरा होता, भीती खरी होती. मी गायगर काउंटर, म्हणजे किरण मोजायचा डबा, चालू करून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "भाऊ, पाच मिनिटं मोजा." टक् टक् चालूच होती, आजूबाजूला काहीही नसताना. मग सांगितलं की आपल्या शरीरात जे पोटॅशियम आहे त्यामुळेच मोठ्या माणसाच्या अंगात दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू फुटत असतात, जन्मापासून. त्या भाऊंनी पुढे वर्गासाठी लाकडी डबा बनवून दिला. भाषण देण्यापेक्षा पालकांच्या हातात काउंटर द्या, एवढंच म्हणेन.

पहिला आठवडा: चिंचोके

एक रुपयाही खर्च नाही. चिंचोके फोडून अर्धे करा, एक बाजू पांढरी सपाट, दुसरी तपकिरी गोल, आपल्या आज्या ज्यानं सारीपाट खेळायच्या तेच. प्रत्येक गटाला १०० तुकडे. ताटात टाकायचे, पांढरी बाजू वर आलेले "फुटले" म्हणून बाजूला काढायचे, उरलेले मोजायचे, वहीत लिहायचे, पुन्हा टाकायचे. सहा-सात फेऱ्यांत संपत येतात. आलेख काढला की घसरगुंडी दिसते, आणि कुठला चिंचोका कधी जाईल हे कोणालाच सांगता येत नाही पण शंभरांतले किती जातील ते बरंचसं सांगता येतं, ही गोष्ट मुलांच्या हाताला कळते. चिंचोका नाण्यासारखा बरोबर निम्मा-निम्मा पडत नाही, त्यामुळे आमच्या चिंचोक्यांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा वेळ, एका फेरीपेक्षा थोडं वेगळं निघालं. ते दुरुस्त करू नका. पोरांना त्यांच्याच चिंचोक्यांचं अर्धायुष्य आलेखावरून काढू द्या, तेच पुढे फुग्यासोबत करायचंय.

काउंटर कोणता घ्यायचा

गायगर काउंटरचे किट ऑनलाइन मिळतात, बऱ्या स्मार्टफोनपेक्षा खूप कमी पैशात. आत एक नळी असते, तिच्यात कमी दाबाचा वायू, मधोमध तार, आणि तार व भिंत यांच्यात साधारण ४०० व्होल्ट. कण आत शिरला की वायूतले इलेक्ट्रॉन सुटतात, ते तारेकडे धावताना अजून सुटवतात, एक धबधबा होतो आणि एक टक् ऐकू येते. नळी दोन प्रकारची दिसेल: जुनी रशियन एसबीएम-२०, पातळ धातूची, आणि काचेची जे३०५. शाळेसाठी मी धातूची घेईन, काचेची पहिल्याच महिन्यात फुटते आणि उजेडातही कधी कधी उगाच टकटक करते म्हणून काळ्या डब्यात ठेवावी लागते. या दोन्ही बीटा (अणूतून सुटणारे वेगवान इलेक्ट्रॉन) आणि गॅमा (क्ष-किरणांसारखे किरण) मोजतात, म्युऑनही मोजतात, पण अल्फा (जड, लगेच अडणारा) कण त्यांच्या भिंतीतून आत जाऊच शकत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

सर्किटला प्लॅस्टिकचा डबा हवाच. ४०० व्होल्टचा झटका बसतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडा वेळ राहतो. सुट्या वस्तू, डबा, वायर, बॅटरीचा होल्डर हे सीताबर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये एका दुपारी मिळून जातं.

आणि एक कळकळीची गोष्ट. डिस्प्लेवर जो मायक्रोसिव्हर्टचा (शरीराला किती किरण लागले त्याच्या मापाचा) आकडा येतो त्याच्यावर कागद चिकटवा. तो आकडा विशिष्ट गॅमा किरणांसाठी बसवलेला असतो, आपण जे मोजणार त्याच्यासाठी तो बरोबर नसतो, आणि मुलं त्या आकड्याला घाबरतात किंवा त्याच्यावर भाळतात. आपल्याला फक्त काउंट हवेत. मिनिटाला किती टक्.

बॅकग्राउंड, आणि टिकल्यांचं पाकीट

आता काहीही जवळ न ठेवता मोजायचं, यालाच बॅकग्राउंड म्हणतात. आमच्या खोक्यावर मिनिटाला वीसच्या आसपास येतात, तुमच्या नळीवर वेगळे येतील. एक मूल, एक मिनिट, एक आकडा. पहिल्याला १९, दुसरीला २६, तिसऱ्याला १४. लगेच आवाज सुरू होतो, "मॅडम, खराब झालं मशीन." इथे थांबा, घाई करू नका, पूर्ण तासिका इथे गेली तरी चालेल.

मोठ्या कागदावर खाली १० ते ३० आकडे लिहा आणि प्रत्येक मुलानं आपल्या आकड्याच्या डोक्यावर एक टिकली चिकटवायची. चाळीस मुलं झाली की कागदावर टिकल्यांची टेकडी उभी राहते, मधे उंच, दोन्हीकडे उतार. १४ आणि २६ हे त्याच टेकडीचे आहेत हे डोळ्यांना दिसतं, समजवावं लागत नाही. मग नियम सांगा: जेवढे काउंट आले त्याचं वर्गमूळ काढा, साधारण तेवढी गडबड धरायची. २० आले तर साडेचारची गडबड, म्हणजे पाचातला एक भाग. दहा मिनिटं मोजून २०० आले तर गडबड १४ ची, म्हणजे सात टक्के. जास्त वेळ मोजलं की उत्तर घट्ट होतं. सातवी-आठवीच्या मुलाला वर्गमूळ काढून काय मिळतं हे मला तरी याच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुठल्या गोष्टीतून दाखवता आलेलं नाही.

यानंतर वर्गात एक नियम फळ्यावर कायमचा लिहून ठेवा: बॅकग्राउंड न मोजता कुठलाही आकडा सांगायचा नाही.

पोटॅशची पिशवी

कृषी केंद्रात जा आणि म्युरेट ऑफ पोटॅश मागा, शेतकरी नुसतं पोटॅश म्हणतात. एक किलो पुरे. हे म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि पोटॅशियममध्ये दर दहा हजार अणूंमागे एखादाच अणू पोटॅशियम-४० चा असतो, किरणोत्सारी, अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला साधारण ३१ अणू फुटतात, खतात वजनाचा निम्मा भाग पोटॅशियम, म्हणजे त्या एक किलोच्या पिशवीत सेकंदाला पंधरा हजार. नळी पिशवीवर आडवी ठेवली की आमच्याकडे टक्टक् दुपटीच्या वर जाते. आणि ही तीच वस्तू जी कळमेश्वर-काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत पडते, हे सांगितलं की ज्या पोरांच्या घरी शेती आहे त्यांचे डोळे बघा.

मग वही. नळी आणि पिशवी यांच्यामध्ये शाळेच्या वहीची पानं सरकवत जायचं, दहा पानं, वीस, पन्नास, प्रत्येक वेळी पाच मिनिटं मोजायचं, बॅकग्राउंड वजा करायचं. पोटॅशियमचे बीटा कण कागदात हळूहळू अडत जातात आणि दोनशे पानी वही मधे ठेवली की जवळजवळ सगळे संपतात, जे थोडे उरतात ते गॅमा. त्यांना स्टीलचं ताट लावा, काही फरक पडत नाही. नळी आणि पिशवीतलं अंतर मात्र बदलू द्यायचं नाही, म्हणून आधीच दोन्हीकडे वहीच्या जाडीएवढे ठोकळे ठेवून घ्या, नाहीतर अंतरामुळे कमी झालं का कागदामुळे यावरच वर्गात भांडण होतं, आणि ते भांडण बरोबरच असतं.

पिशवी जाड प्लॅस्टिकमध्ये सीलबंद ठेवा, पोटॅश ओल धरतं. हात धुवायचे, तोंडात घालायचं नाही, खत आहे म्हणून.

दगड

हे पटकन सांगते. मार्बल-ग्रॅनाइटच्या दुकानातून लाल ग्रॅनाइटचा आणि कडप्प्याचा तुकडा मागा, ओट्याच्या कटिंगमधून उरलेले ते असेच देतात. तिसरा आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. नागपूर मोठ्या मजेच्या जागी बसलंय, पश्चिमेकडून आलेला दख्खनचा बेसॉल्ट इथे येऊन संपतो आणि पूर्वेकडे जुने नाइसचे खडक सुरू होतात, सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची. बेसॉल्टमध्ये पोटॅशियम, युरेनियम, थोरियम कमी, लाल ग्रॅनाइटमध्ये जास्त. दुकानात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बरेचदा ग्रॅनाइट नसतोच, तो मोजला तर कमी येतो, आणि मुलांना दुकानदाराचं नाव आणि दगडाचं नाव यातला फरक कळतो. फरक छोटा असतो, दहा-दहा मिनिटांच्या खाली मोजू नका.

फुगा

माझा सगळ्यात आवडता प्रयोग. आणि यासाठी नागपूरचा हिवाळा पाहिजे, डिसेंबर ते फेब्रुवारी, हवा कोरडी असताना. पावसाळ्यात फुग्यावर स्थिर वीज टिकत नाही आणि उन्हाळ्यात कूलर चालू असतो, कूलरची ओली हवा तेच करते.

जमिनीतल्या युरेनियमपासून पायरी पायरीने रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू बनतो, तो फरशीच्या भेगांतून खोलीत येतो. रेडॉन फुटला की त्याची पोरं, म्हणजे पोलोनियम, शिसं, बिस्मथ यांचे अणू, हवेतल्या धुळीला चिकटून तरंगतात. घासलेला फुगा त्यांना ओढून घेतो.

तळमजल्यावरची बंद असते ती खोली शोधा, प्रत्येक शाळेत खेळाच्या सामानाची किंवा जुन्या बाकांची असतेच. आदल्या संध्याकाळपासून दार-खिडकी बंद, पंखा बंद. सकाळी आधी काउंटरचं दहा मिनिटांचं बॅकग्राउंड. मग फुगा फुगवून, गाठीला दोरा बांधून, स्वेटरवर मिनिटभर चांगला घासा, सगळ्या बाजूंनी, आणि पोटाला हात न लावता खोलीच्या मधोमध लटकवून बाहेर या. पाऊण तास थांबा. मग गाठ सोडून हवा काढा (टाचणीने फट्कन फोडला तर तुकडे उडतात), चपटा झालेला फुगा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नळीला चिकटवा आणि लगेच मोजायला सुरू करा. आमच्याकडे पहिल्याच मिनिटाला वर्ग गप्प झाला, इतकी टक्टक् वाढली होती. साध्या फुग्यावर. खोलीत कोणी काही ठेवलेलं नव्हतं.

आता खरं काम: दर पाच मिनिटांचे काउंट लिहीत एक-दीड तास मोजायचं. फुग्यावर मुख्य दोन जण उरलेले असतात, शिसं-२१४, ज्याचं अर्धायुष्य २७ मिनिटं, आणि त्याच्यापासून होणारं बिस्मथ-२१४, त्याचं २० मिनिटं. दोघे एकापाठोपाठ असल्यामुळे मिळून निम्मं व्हायला अर्ध्या तासापासून पाऊण तास लागतो. म्हणजे आपली एक तासिका! घंटा वाजताना जेवढे काउंट होते, पुढच्या घंटेला त्याच्या निम्म्याजवळ आले. गणिताच्या मॅडमना सांगून जोडतासिका घ्या. आलेख काढला की मुलं स्वतःच चिंचोक्यांची वही उघडतात, मला दोन्ही वेळा सांगावं लागलं नाही.

पावसाळ्यात हेच करायचं तर टेबल फॅनच्या मागे जाळीला पातळ सुती कापड बांधून बंद खोलीत तासभर फिरवा, कापड हवा गाळतं, स्थिर विजेची गरज नाही. आणि जूनअखेरीला शाळा उघडते तेव्हा आपल्याकडे पहिला जोराचा पाऊस लागलेला असतो. पाऊस थांबल्या थांबल्या कोणाच्या कारच्या टपावरचं पाणी टिश्यू पेपरनं पुसून घ्या आणि नळीला लावा, कारण पाऊस हवेतली रेडॉनची पोरं धुऊन खाली आणतो. दहा मिनिटांच्या आत नाही जमलं तर सोडून द्या, पुढचा पाऊस बघा.

क्लाऊड चेंबर

हे यंत्र चार्ल्स विल्सननं बनवलं, १९११ मध्ये त्यात कणांच्या रेघा दिसल्या, १९२७ चं नोबेल मिळालं. १९३२ मध्ये कार्ल अँडरसनला पॉझिट्रॉन, म्हणजे धन विद्युतभाराचा इलेक्ट्रॉन, अशाच चेंबरमध्ये सापडला. आपण बनवतो तो त्याचा सोपा, ड्राय आइसवाला भाऊ.

नागपुरात ड्राय आइस कुठे मिळतो हे मला खूप जणांनी विचारलंय. लग्नात नवरा-नवरीच्या एन्ट्रीला जमिनीवर पांढरा धूर सोडतात ना, तो हाच. डेकोरेशनवाल्यांना, इव्हेंटवाल्यांना विचारा ते कुठून आणतात, आणि तिथूनच तीन किलो घ्या. मुहूर्त दाट असतील त्या दिवशी मिळणार नाही, म्हणून आधी पंचांग बघून मग तारीख ठरवा. थर्माकोलच्या डब्यातही तो रात्रभरात बराच उडून जातो, सकाळी आणा आणि सकाळीच वापरा.

ड्राय आइस उणे ७८ अंशाचा असतो. उघड्या हातानं धरायचा नाही, जाड चामडी हातमोजे आणि चिमटा. त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो जड असतो, खाली साठतो, म्हणून ती एक खिडकी उघडी. कारमधून आणताना काचा खाली. बाटलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही नाही, फुटतो. मुलांनी हात लावायचा नाही, यात कुठलीही सूट नाही.

दुसरी गोष्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, लॅबचं केमिकल विकणाऱ्यांकडे. पहिल्या वर्षी मी दुकानात जे मिळालं ते आणलं, बाटलीवर टक्के नीट बघितलेच नाहीत, ते पाणी मिसळलेलं सॅनिटायझरसारखं होतं आणि दीड तास नुसतं धुकं बघून मुलं घरी गेली. ते अजून माझ्या मनाला लागतं. टक्के वाचा. आणि ते पेट घेतं, त्यामुळे खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, बर्नर काही नाही, उजेडासाठी फक्त एलईडी.

जोडणी अशी. छोटी काचेची टाकी, ॲक्रिलिकची नको, अल्कोहोलनं तिला तडे जातात. टाकीच्या तळाला आतून फेल्ट कापडाची पट्टी चारी बाजूंनी पक्की करा, तार वाकवून किंवा चुंबकांनी. ॲल्युमिनियमची सपाट प्लेट, वरून काळा इलेक्ट्रिक टेप शेजारी शेजारी लावून पूर्ण काळी. थर्माकोलच्या ट्रेमध्ये ड्राय आइसचा चुरा पसरा, वर प्लेट अशी दाबून बसवा की मधे हवेची फट राहणार नाही. फेल्ट अल्कोहोलनं चिंब करा, प्लेटवर पातळ थर टाका, टाकी उलटी ठेवा आणि कडा शाडूच्या मातीनं बंद करा. टॉर्च प्लेटच्या पातळीला, आडवा. आता दहा ते पंधरा मिनिटं.

वरचं फेल्ट खोलीच्या तापमानाला, खालची प्लेट प्रचंड थंड, वाफ वरून खाली येते आणि प्लेटच्या वर सेंटिमीटरभर थरात इतकी दाटते की थेंब व्हायला फक्त निमित्त हवं असतं. कण जाताना मागे आयन (विद्युतभार आलेले अणू) सोडतो, त्यांच्यावर थेंब धरतात, रेघ दिसते. वर ऊब लागते म्हणून आपली नागपूरची गरमी इथे पूर्ण वाईट नाही, पण मार्चनंतर ड्राय आइस इतका पटापट उडतो की मी तो नाद सोडला.

बघायचं खाली, प्लेटला लागून. लांब, सरळ, बारीक रेघ म्हणजे म्युऑन किंवा जोरदार इलेक्ट्रॉन. वेडीवाकडी, केसासारखी वळत जाणारी म्हणजे मंद इलेक्ट्रॉन. आखूड, जाड, खडूनं ओढल्यासारखी म्हणजे अल्फा, हवेतल्या रेडॉनमधून. काहीच दिसत नसेल तर आधी कडेची गळती शोधा, मग टॉर्चचा कोन बदला, मग केसांवर घासलेली प्लॅस्टिकची पट्टी टाकीच्या वरून फिरवा, जुने आयन बाजूला ओढले जातात आणि रेघा एकदम स्वच्छ दिसायला लागतात.

दुसऱ्या वर्षापासून मी एक जोड देते. फुगा त्याच सकाळी बंद खोलीत लटकवून ठेवायचा, आणि टाकी उलटी करायच्या अगदी आधी त्याचा छोटा तुकडा प्लेटवर ठेवायचा. मग तुकड्यातून चारी दिशांना जाड अल्फाच्या रेघा सुटताना दिसतात, तासिका संपेस्तोवर कमी कमी होत जातात. काउंटरवर जे कमी होताना मोजलं तेच डोळ्यांसमोर. वेळ जमवावी लागते, तुकडा निम्मा व्हायच्या आत चेंबर थंड झालं पाहिजे.

आणि इथेही मोजा. प्लेटवर चार इंची चौकोन पांढऱ्या पेन्सिलीनं आखा, दोन मुलं रेघा मोजतील, एक जण वेळ बघेल. जाड किती, बारीक किती. वहीत.

मुलं विचारतात, आपल्याकडे कोणी हे केलंय का

केलंय, आणि सांगायलाच हवं. बिभा चौधुरी आणि देवेंद्र मोहन बोस यांनी १९४० च्या आसपास दार्जिलिंगच्या डोंगरांत फोटोच्या प्लेटी ठेवून कॉस्मिक (अवकाशातून येणाऱ्या) किरणांच्या खुणा मोजल्या, 'नेचर'मध्ये छापल्या. युद्धामुळे त्यांना चांगल्या प्लेटी मिळाल्या नाहीत, पुढे त्याच वाटेनं चांगल्या प्लेटी वापरून सेसिल पॉवेल यांनी पायऑन शोधला आणि १९५० चं नोबेल मिळालं. हे ऐकून माझ्या वर्गातली एक मुलगी किती वेळ गप्प होती. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरपेक्षा खोल, वातावरणातले न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही क्वचितच अडणारे कण, पकडले गेले. उटीला ग्रेप्स-३ हा कॉस्मिक किरणांचा प्रयोग चालू आहे, तिथल्या म्युऑन मोजणाऱ्या नळ्यांनी एका वादळी ढगातला व्होल्टेज काढला, शंभर कोटी व्होल्टच्या वर. नळ्या मोठ्या आहेत एवढंच, कल्पना आपल्या टक्टक् करणाऱ्या डब्याचीच. आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला दाखवायचं असेल तर हेही सांगा की सी. व्ही. रामन नोकरीच्या निमित्तानं काही काळ नागपुरात होते, अर्थखात्यात. रमण विज्ञान केंद्राची सहल त्याच आठवड्यात ठेवा.

दोन नळ्या

नववी-दहावीची तरबेज मुलं असतील तर. एक नळी दुसरीच्या वर पाच सेंटिमीटरवर समांतर, दोन्हींचे सिग्नल आर्डुइनोला (प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट बोर्ड), आणि दोन्ही एकाच क्षणी वाजल्या तरच मोजायचं. दगडातला, हवेतला किरण सहसा एकच नळी वाजवतो, म्युऑन दोन्हींतून जातो. मिनिटाला एक-दोनच येतील, धीर धरा, तासातासानं मोजा. मग जोडी आडवी करा, म्हणजे एक नळी दुसरीच्या शेजारी. आकडा खूप खाली येतो, कारण म्युऑन वरून येतात. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस फुग्यातून पाच किलोमीटरवर गेला तेव्हा त्याला कळलं होतं की हे वरून येतं, तुमच्या मुलांना ते टेबलावर कळतं. चिखलदऱ्याची सहल असेल तर काउंटर न्या, पण लक्षात ठेवा, उंचीमुळे वाढतं आणि बेसॉल्टमुळे कमी होतं, दोन्ही एकदम, म्हणून तिथेही ही जोडीच कामाची.

वर्ष संपताना

काउंटरची बॅटरी काढून ठेवा. टिकल्यांचे कागद गुंडाळून ठेवा, फेकू नका. पोटॅशची सीलबंद पिशवी तारीख, वजन आणि दहा मिनिटांचे काउंट लिहून कपाटात ठेवा, त्याच डब्यात, त्याच अंतराच्या ठोकळ्यांसकट. पुढच्या वर्षी नवीन मुलांचं पहिलं काम तीच पिशवी मोजणं. १२५ कोटी वर्षांचं अर्धायुष्य, एका वर्षात काही फरक पडत नाही, आकडा वर्गमूळाच्या गडबडीत तोच यायला हवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी ४७१ होते, दुसऱ्या वर्षी ४५८, गडबड दोन्हीकडे बावीसच्या आसपास, म्हणजे ठीक. फारच कमी आला तर आधी बॅटरी बघा, मग नळी.